दुसऱ्याच्या गळ्यातलं हिट गाणं

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक उभं राहतं. मोबाइल यायच्या आधी चालू वर्षाचं हिट गाणं आमच्याकडच्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते मंचावरच्या गायिकेच्या तोंडून. मूळ आवाज मागाहून कानावर पडायचा. आता इथले गायक तयार संगीताच्या ट्रॅकवर नवी हिट गाणी आपल्या आवाजात भरून अल्बम काढू पाहतात, तेव्हा लोक त्याला नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. या प्रकाराला जुना इतिहास आहे.

अमेरिकेत तर हा नामांकित गायकांचा रिवाज होता. अँडी विल्यम्स, जॉनी मॅथिस यांनी १९७०च्या आसपास त्या-त्या वर्षाची गाजलेली गाणी स्वतःच्या ढंगात गाऊन अल्बम काढले. कायद्याची वाट मोकळी होती. १९०९च्या तिथल्या कायद्यानुसार गाणं एकदा ध्वनिमुद्रित झालं की ठरावीक रॉयल्टी भरून कुणीही ते पुन्हा गाऊ शकत असे. दर होता प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट, आणि तो १९७७ अखेरपर्यंत टिकला.

आपल्याकडे ही लाट कॅसेटसोबत आली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने १९८०च्या दशकात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. आधार होता १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या, रॉयल्टी भरून गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायची मुभा देणाऱ्या कलम ५२चा. सोनू निगम यांचं नाव आधी रफींच्या गाण्यांमुळेच घरोघरी गेलं. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या त्या कॅसेटी मला अजून दिसतात. वेष्टनावर हिरो-हिरोइनचा मोठा फोटो, गाणाऱ्याचं नाव मात्र मुंगीएवढ्या अक्षरात. घरी येऊन टेपमध्ये टाकली की आजी दुसऱ्याच ओळीला म्हणायची, “हे लताचं नाही वाटत बाप्पा.” तरी कॅसेट झिजेस्तोवर वाजायची.

हीच छोटी अक्षरं पुढे कोर्टात गेली. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ साली आला, त्याची गाणी दुसऱ्या आवाजात बाजारात उतरली आणि मूळ हक्कदार कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ही मूळ चित्रपटातली गाणी नव्हेत, दुसऱ्या कलाकारांनी गायलेली आहेत, हे वेष्टनावर ठळक लिहा, असं न्यायालयाने सांगितलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने हे अगदी योग्य झालं. त्याच सुमारास कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन कॅलेंडर वर्षं थांबायची अट आली.

२०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली. कलम ३१-सी प्रमाणे दर गाण्यामागे, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. गीतकार-संगीतकाराला त्याचा वाटा मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपनीत रात्रभर गाणाऱ्या बाईने ५०,००० प्रतींचे पैसे आणायचे कुठून? शिवाय या वर्षीचं गाणं तिला या कलमाखाली ध्वनिमुद्रित करताच येत नाही, त्याला मालकाची थेट परवानगीच लागते.

यूट्यूबवर तिचं गाणं दिसतं खरं. हक्कदार कंपनीने दावा लावला की जाहिरातीचे पैसे बहुधा तिकडेच वळतात. मंडईतल्या रात्रीची बिदागी तेवढी तिच्या हाती पडते.