कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्याचं नुकसान झालं? दुरुस्तीआधी हे वाचा

अपघातात कुणी जखमी नसेल तर पोलिसांकडे जायची गरज नाही, असं आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी लागू होतं. रिव्हर्स घेताना कुणाचं फाटक वाकलं, उभ्या गाडीचं दार चेपलं, तरीसुद्धा. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, घडलेलं सांगावं लागतं. ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची आहे, मग गाडी कुणाच्याही नावावर असो. टाळाटाळ केली तर कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं: पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील, कुणी जखमी असेल तर त्याचीही माहिती. नुसत्या फोनवर थांबू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेवरच्या बोलण्यात. समोरचा चिडलेला असतो, आपल्यालाही वाईट वाटत असतं, आणि तोंडून निघून जातं, 'काळजी करू नका, सगळं भरून देतो.' माणुसकी म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण मोटार पॉलिसीच्या अटींत साधारणपणे असं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचा शब्दही द्यायचा नाही. म्हणून विचारपूस जरूर करा, नाव-नंबर आणि पॉलिसीची माहिती द्या, पण रकमेचं बोलणं कंपनीवर सोडा. नंतर समोरच्याची नोटीस किंवा समन्स आलं तर ते त्याच दिवशी कंपनीकडे पाठवा.

गाडी हलवण्याआधी फोटो काढा. नुसता आपला बंपर नको. फाटकाला लागलेला रंग, चेपल्याची उंची, दोन्ही नंबरप्लेट आणि मागचा रस्ता एकाच चौकटीत दिसू दे. वाहतूक अडत असेल तर मात्र दोन फोटो घेऊन गाडी बाजूला घ्या.

क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस) पाहून जाईपर्यंत आम्ही बंपरचा एक स्क्रूही काढत नाही. घाई असली तरी तसा आग्रह धरू नका. त्यात नुकसान तुमचंच आहे. येताना आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत सोबत आणा. क्लेम फॉर्म भरायला आम्ही मदत करू.