ॲपलने झेरॉक्सवर डल्ला मारला नव्हता

संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं, शिवाय माउस हे सगळं ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने झेरॉक्स कंपनीकडून ढापलं, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की आता ती कुणी तपासतही नाही.

१९७९ च्या डिसेंबरात ॲपलची मंडळी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात गेली, ती रीतसर ठरवून. बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर, कंपनी बाजारात यायच्या आधीच, १० लाख डॉलरना घेता आले. असा हिस्सा देऊन येणारा चोर विरळाच! आणि माउस मुळात झेरॉक्सचाही नव्हे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने तो १९६८ मध्येच भरसभेत चालवून दाखवला होता.

कल्पना ॲपलने उचलल्या, यात वाद नाही. पण ॲपलचा प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन याचं काय झालं बघा. पार्कमधल्या पडद्यावर अर्धवट झाकलेल्या, मागच्या खिडकीतलंही चित्र बदलत राहतं, असा त्याचा समज झाला. त्यांना जमलंय म्हणजे आपल्यालाही जमेल, म्हणून तो झटला आणि खिडकीचा फक्त उघडा भाग झटपट रंगवायची युक्ती त्याने शोधली. प्रत्यक्षात झेरॉक्सकडे ते नव्हतंच. नसलेल्या गोष्टीची नक्कल!

झेरॉक्सचा स्वतःचा ‘स्टार’ संगणक १९८१ मध्ये आला, १६,५९५ डॉलरना. घरी कोण नेणार? ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश २,४९५ ला होता. तोही स्वस्त नव्हेच. झेरॉक्सने १९८९ मध्ये ॲपलविरुद्ध कोर्ट गाठलं, पण बहुतेक दावे पुढच्याच वर्षी फेटाळले गेले.