कृत्रिम हृदयातील प्रवाह-समतोल

निकामी हृदय काढून त्याजागी संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले, की त्याच्या उजव्या आणि डाव्या पंपांचा उपसा एकमेकांशी जुळता ठेवावा लागतो. या जुळणीला प्रवाह-समतोल म्हणतात. उजवा पंप रक्त फुप्फुसांत पाठवतो, तिथून आलेले रक्त डावा पंप अंगभर पोहोचवतो.

पंचगंगाकाठची दोन टप्प्यांची उपसा योजना पाहिलेल्या कोल्हापूरकराला यातली मेख लगेच कळेल. नदीवरच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, पाणी मधल्या हौदात येते, तिथून दुसरा पंप ते माळावरच्या उसाला देतो. पहिल्याने जास्त फेकले तर हौद उतू जातो, दुसऱ्याने जास्त ओढले तर तो हवा घेतो. शरीरात हौदाच्या जागी फुप्फुसे आहेत. ती तुंबली की रुग्णाला दम लागतो. प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. त्यात १ टक्क्याचा फरक टिकून राहिला, तरी १० मिनिटांत अर्धा लिटर रक्त भलतीकडे साठेल.

बरे, दोन्ही पंप तंतोतंत सारखे ठेवूनही भागत नाही. श्वासनलिकांना पोसणारे थोडे रक्त डावीकडून निघते आणि त्यातले बरेचसे परस्पर डावीकडेच परतते. त्यामुळे डाव्या पंपाने किंचित जास्त उपसावे लागते.

नैसर्गिक हृदय जितके जास्त भरेल तितके जोरात आकुंचन पावते, म्हणून हिशेब आपोआप जुळतो. १९८२ मध्ये अमेरिकेतील युटा येथे बार्नी क्लार्क यांना बसवलेले जार्विक-७ हे कृत्रिम हृदय हवेच्या दाबावर चाले. अशा हृदयात कप्पा अर्धवटच भरू द्यायचा आणि आलेले सगळे ढकलायचे, अशी युक्ती वापरतात. क्लार्क ११२ दिवस जगले.

ऑस्ट्रेलियन अभियंता डॅनियल टिम्स यांच्या बायव्हॅकॉर या कृत्रिम हृदयाची तऱ्हा याहून देखणी. त्यात चुंबकबलावर तरंगणारी एकच चकती फिरते आणि तिच्या दोन्ही अंगांना पाती असतात. चकती एकच असल्याने दोन्ही बाजूंचा वेगही एकच, तेव्हा नुसता वेग बदलून समतोल साधत नाही. त्यासाठी चकती किंचित एका बाजूला सरकते. जिकडची फट अरुंद होते तिकडचा उपसा वाढतो, दुसरीकडचा घटतो. इंपेलर, म्हणजे पंपातली पात्यांची चकती, झिजून फट वाढली की पाणी आतल्या आत मागे फिरते आणि डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पडणारे पाणी, घटतो, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पंप-फिटर जाणतोच. तिथला दोष इथे नियंत्रणाचे साधन झाला आहे. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे हे यंत्र प्रथमच माणसात बसवले गेले. दात्याचे हृदय मिळेपर्यंत त्याने रुग्णाला ८ दिवस सांभाळले.