चक्कीनामा

दख्खनी भाषेतील, जात्यावर दळताना म्हणावयाचे सूफी गीत. विजापूर–गुलबर्गा (कलबुर्गी) भागातील चिश्ती या सूफी पंथाच्या परंपरेत ते विशेषेकरून आढळते. सूत कातताना म्हणावयाचा चरखानामा आणि पाळण्यापाशी गावयाचा लोरीनामा हे त्याच कुळातले.

सर्वांत जुना चक्कीनामा गुलबर्ग्याचे चिश्ती संत ख्वाजा बंदे नवाज गेसूदराज (मृ. १४२२) यांच्या नावावर सांगतात. मात्र गेसूदराज यांचे खात्रीचे लेखन फार्सी-अरबीत आहे. त्यांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या दख्खनी रचनांविषयी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. थोर पीराचे नाव मागाहून जोडण्याची प्रथाही मोठी. त्यामुळे विजापूरचे शम्सुल उश्शाक मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला (मृ. १६७५) यांच्या परंपरेत, साधारणपणे १६ व्या–१७ व्या शतकांत, हा प्रकार बहरला असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

ओवीशी असलेले त्याचे नाते मराठी वाचकाला जवळचे वाटेल. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (सु. ११३०) येतो, म्हणजे कामाच्या लयीवर गाण्याची रीत सूफींच्या आधीपासूनची आहे. चक्कीनामा थेट ओवीतून निघाला असे सिद्ध करता येत नाही. पण रचनाकारांनी बायकांच्या ओठांवरचा साचा उचलून त्यात आपला आशय भरला, हे बहुधा खरे.

एका रचनेत जात्याचा उभा खुंटा म्हणजे ‘अलिफ’ (उभ्या रेषेसारखे पहिले अरबी अक्षर), अर्थात अल्लाह. मधला आस म्हणजे मुहंमद पैगंबर. देह हेच जाते. ध्रुवपदात ‘बिस्मिल्लाह’ आणि ‘हू’ यांचा घोष येतो. ‘हू’ हा जिक्राचा, म्हणजे नामस्मरणाचा, उच्चार. खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, पुरुष जो जिक्र बैठकीत करीत, तो येथे पहाटेच्या अंधारात, एका हाताने जात्यात धान्याची वैरण घालता घालता, घरातल्या बाईच्या श्वासात उतरतो. या प्रकाराचे खरे मोल येथेच आहे.

इतिहासकार रिचर्ड ईटन यांच्या मते ही गीते धर्मांतराची योजनाबद्ध साधने नव्हती. दर्ग्याशी भक्तीने जोडलेल्या स्त्रियांमार्फत इस्लामी कल्पना घराघरांत हळूहळू मुरल्या. हे मत सामान्यतः ग्राह्य वाटते.

हस्तलिखितांत शब्द आहेत, चाली नाहीत. पिठाच्या गिरण्या आल्यावर दळणाबरोबर गाण्याचे निमित्तही सरले.