दोन बाणांचा हिशेब

मावशीचा मेसेज आला की मजकुराआधी मी त्याच्या डोक्यावर बघतो. तिथे एक वळलेला बाण असेल तर मेसेज कुणाचा तरी पुढे ढकललेला. दोन बाण असतील तर तो निदान पाच हात फिरून आलाय. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं, हा मेसेज दोन बाणांशिवाय पाहिल्याचं मला आठवत नाही.

पण हे बाण येतात कुठून? व्हॉट्सअॅपवरचा मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. २०१६पासून प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. युक्ती साधी आहे. बंद पाकिटात मजकुराशेजारी एक आकडाही ठेवलेला असतो. मावशीने ‘फॉरवर्ड’ दाबलं की तिचाच फोन त्यात एक मिळवतो आणि पाकीट पुन्हा बंद करतो. मधल्या सर्व्हरला ना मजकूर दिसतो, ना आकडा. आकडा पाचावर पोचला की दुसरा बाण उमटतो.

यातला पहिला बाण ज्या महिन्यात दिसू लागला, तो महिना महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आली, अशी हूल उठली आणि जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून पसार होतात. तो कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ फितीत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. एवढा शेवट कुणीतरी कापला.

त्याच जुलैत कंपनीने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या काढ्यांचा महापूर आला तेव्हा, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं.

पाच काय नि एक काय, पुन्हा पुन्हा दाबायला कुणाची ना आहे? कुणाचीच नाही. तरी फरक पडतो, आणि तो साथीच्या रोगाच्या गणिताने कळतो. समजा, शंभर जणांच्या ग्रुपमधले दोघेच मेसेज पुढे पाठवतात, प्रत्येकी अशाच पाच ग्रुपांवर. पहिल्या फेरीत दहा ग्रुप, दुसरीत शंभर, तिसरीत हजार, म्हणजे लाखभर माणसं. तेच दोघे एकेकाच ग्रुपवर पाठवू लागले तर तिसऱ्या फेरीत आठ ग्रुप, आठशे माणसं. दोघांतल्या एकाने कंटाळा केला, तर मेसेज वाढतच नाही, एका ग्रुपातून दुसऱ्यात नुसता सरकत राहतो. माणसाचा आळस इतका उपयोगी पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एप्रिल २०२०नंतर दोन बाणांच्या मेसेजांची पाठवापाठवी ७० टक्क्यांनी घटली, असं कंपनी सांगते. आकडा तिचाच आहे, तेव्हा मिठाच्या खड्यासोबत घ्यावा. ब्राझीलच्या मिनास जेराइस विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचाची मर्यादा गणिती प्रारूपावर तपासली. मेसेजचा वेग मंदावतो, पण फार चटकदार मेसेज शेवटी पोचायचा तिथे पोचतोच, असं त्यांना दिसलं.

चटकदार काय असतं, हे ट्विटरने दाखवलं. २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासला. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रांनी चालवलेली खाती वगळली तरी चित्र तेच राहिलं. खोटी बातमी नवी वाटते, आणि नवं सांगणाऱ्याला भाव असतो.

सरकारला मात्र नुसता वेग कमी होऊन पुरत नाही, पहिला पाठवणारा हवा असतो. २०२१च्या आयटी नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी तो शोधून द्यावा, अशी तरतूद आली. व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. आकड्याशेजारी नावही ठेवायचं, तर अफवा पसरवणाऱ्यासोबत तलाठ्याच्या लाचेची तक्रार फिरवणाराही सापडेल. मला ही किंमत जास्त वाटते. दुसरीकडे, राईनपाड्यात मारल्या गेलेल्या पाच जणांच्या घरांसमोर उभं राहून हे वाक्य म्हणायचं धाडस मला होणार नाही.

परवा मावशीचा मेसेज आला, बाण एकही नाही. कुठल्याशा पानाच्या रसाने मधुमेह जातो म्हणे. मी फोन केला, “मावशी, हे तू लिहिलंस?”

“अरे, आलेलंच आहे. पण त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका! म्हणून कॉपी करून, सगळं नीट करून मग पाठवलं.”

फोनच्या हिशेबी तो कोरा मेसेज होता. आकडा पुन्हा शून्यावर.