त्वचेचा रंग नेमका कशाकशाने बनतो? मुलांनी तो स्वतः मिसळून पाहावा

अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या रंगखडूंच्या पेटीत फिकट गुलाबी रंगाच्या एका खडूवर ‘त्वचेचा रंग’ अशा अर्थाचे नाव अनेक वर्षे छापलेले असे. ते नाव १९६२ मध्ये बदलण्यात आले आणि २०२० मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या निरनिराळ्या छटांच्या २४ खडूंचा संच बाजारात आणला. ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु तयार छटा हाती देण्यापेक्षा मुलाला आपल्या त्वचेचा रंग स्वतः मिसळून बनवायला लावणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्वचाही आपला रंग मोजक्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातूनच घडवत असते.

या मिश्रणातील मुख्य घटक म्हणजे मेलॅनिन. तपकिरी-काळसर यूमेलॅनिन आणि तांबूस-पिवळसर फिओमेलॅनिन असे त्याचे दोन प्रमुख प्रकार त्वचेत आढळतात. त्यात रक्तातील हिमोग्लोबिनची लाली आणि आहारातून येणाऱ्या कॅरोटिनची पिवळसर झाक मिसळते. विशेष म्हणजे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो या पेशी बनवत असलेल्या सूक्ष्म रंगकणांत: गडद त्वचेत ते मोठे आणि सुटे विखुरलेले असतात, तर उजळ त्वचेत लहान आणि पुंजक्यांनी असतात. कोणत्या प्रदेशात कोणती छटा का रुजली, याचे उत्तर बऱ्याच अंशी सूर्याच्या अतिनील किरणांत आहे. संशोधक निना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅपलिन यांनी २००० मध्ये मांडल्याप्रमाणे, प्रखर उन्हाच्या प्रदेशात शरीरातील फोलेट हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व नष्ट होण्यापासून वाचवणारी गडद त्वचा उपयोगी ठरली, तर मंद उन्हाच्या प्रदेशात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होऊ देणारी उजळ त्वचा सोयीची ठरली.

आता हे कागदावर आणू. लाल, पिवळा आणि निळा यांच्या मिश्रणातून तपकिरी रंग तयार होतो. त्यात पांढरा किंवा पाणी घालून तो फिका करता येतो. मुलाने असे मिश्रण कागदाच्या पट्टीवर लावावे, ते वाळू द्यावे आणि मग दिवसाच्या उजेडात पट्टी हाताजवळ धरून पाहावी, कारण दिव्याच्या पिवळट प्रकाशात छटा फसवी दिसते. बहुतेकदा पहिले मिश्रण जुळत नाही. ते फार लालसर झाले की निळ्याचा थेंब, मळकट झाले की पिवळा, असे करता करता मूल आपल्या हाताकडे पूर्वी कधी पाहिले नसेल इतक्या बारकाईने पाहू लागते, आणि तळहात, बोटांची पेरे, कोपर यांसाठी वेगवेगळी मिश्रणे लागतात हे त्याच्या लक्षात येते. वर्गातील सर्वांच्या पट्ट्या एकत्र मांडल्या, की कोणाच्या मिश्रणात काय अधिक आहे यावर मुले मोकळेपणाने बोलतात. मात्र कोणती पट्टी अधिक ‘छान’ हा प्रश्न शिक्षकांनी येऊ देऊ नये आणि तसे शेरेही चालवून घेऊ नयेत.

मुलांसमोर रंगाचा विषयच काढू नये, असे काही पालकांना वाटते. परंतु तीन महिन्यांची बाळेसुद्धा आपल्या भोवतीच्या माणसांसारख्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहतात, असे प्रयोगांत आढळले आहे. नवजात बाळांत हा कल दिसत नाही, म्हणजे तो परिचयातून येतो. पुढे समाजाची मते त्यावर चढतात. मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत, एरवी सारख्याच असलेल्या गोऱ्या आणि काळ्या बाहुल्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली होती. एखादे मूल स्वतःचे चित्र रंगवताना पांढरा रंग वाढवत गेले, तर त्याला टोकण्याऐवजी पट्टी पुन्हा हाताजवळ धरायला सांगावी आणि गडद रंग दाटपणे, आत्मविश्वासाने कसा लावायचा हे दाखवावे. सावल्यांसाठी थेट काळा वापरल्यास गडद त्वचा निर्जीव दिसते. तिथे गडद निळा किंवा जांभळा आणि उजेड पडतो तिथे किंचित निळसर किंवा सोनेरी झाक द्यावी.

काही महिन्यांनी हीच पट्टी पुन्हा रंगवून घ्यावी. मधल्या काळात उन्हाने मेलॅनिन वाढले असेल, तर जुने मिश्रण आता जुळत नाही, आणि कोणता रंग किती वाढवावा लागला याची नोंद मुलांना स्वतःच ठेवता येते.