दोनच मिनिटं काढला होता!

मोठ्या कारखान्याच्या कंप्रेसर रूममध्ये आवाज १०० डेसिबलच्या घरात असणं काही विशेष नाही. तिथे आठ तासांची पाळी करणाऱ्या ऑपरेटरला इअरप्लग दिलेले आहेत आणि ते नीट बसले तर २५ डेसिबल कमी करतात, असं धरू. म्हणजे कानापर्यंत पोचले ७५. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे आठ तासांसाठी ८५ डेसिबलपर्यंत चालतं. तेव्हा हा माणूस सुरक्षित, निदान कागदावर. प्रत्यक्षात मधूनच फोन येतो, सुपरवायझर काहीतरी विचारतो, कान खाजतो. सगळं मिळून पाळीभरात अर्धा तास प्लग बाहेर राहिले, तर त्याच्या कानावर आठ तासांत सरासरी किती आवाज पडला?

बहुतेक जण ७६-७७ म्हणतील. उत्तर आहे ८८.

डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलला दहापट. त्या हिशेबाने २५ डेसिबल म्हणजे सुमारे ३१६ पट. म्हणून प्लग काढलेल्या अर्ध्या तासात कानाला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी प्लग घालून मिळायला १५८ तास लागले असते. जवळजवळ वीस पाळ्या! आणखी भारी, ३५ डेसिबलवाले प्लग आणले तरी उपयोग नाही. पाळीत अर्धा तास कान उघडे राहिले की एकूण फायदा १२ डेसिबलच्या वर जातच नाही, मग प्लग कितीही महागाचा असो.

कारखान्यातल्या सुरक्षा साधनांविषयी, म्हणजे सगळे ज्याला ‘पीपीई’ म्हणतात त्याविषयी, मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. साधन कशाचं बनलंय यावर संरक्षण थोडंसंच ठरतं. बाकीचं ठरतं ते फटींवर आणि मिनिटांवर. गेटवर लावलेल्या फलकावर हेल्मेट, गॉगल, बूट, हातमोजे यांची रंगीत चित्रं असतात. फटी आणि मिनिटं चित्रात दाखवता येत नाहीत.

फोमच्या प्लगचंच बघा. तो बोटांमध्ये वळून बारीक काडीसारखा करायचा, मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. त्याने कानाची वाकडी नळी जरा सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. इतकं करायला वेळ कोणाला आहे? बहुतेकांचा प्लग अर्धा बाहेर लोंबत असतो. म्हणूनच फोम प्लगच्या पाकिटावर छापलेला आकडा निम्मा करूनच धरा, असं नायोश सांगते. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या रोमपेशी जेमतेम पंधरा-सोळा हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी मार बसतो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या वरच्या पट्टीला. त्यामुळे सुरुवातीला माणूस बहिरा वाटतच नाही. त्याला बोलणं ऐकू येतं, फक्त ‘सात’ म्हणाले की ‘हात’ ते कळत नाही आणि घरचे म्हणतात, ह्यांचं लक्षच नसतं.

मास्कला हेच गणित लागू पडतं. चेहरा पूर्ण झाकणाऱ्या, कार्ट्रिजच्या (म्हणजे विषारी वाफ शोषणाऱ्या डबीच्या) फुल फेस मास्कला अमेरिकी नियमांत संरक्षणाचा गुणक ५० धरला जातो. बाहेर पन्नास भाग विष असेल तर आत एक. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला हाच गुणक १०. आता फुल फेसवाल्याने पाळीत २४ मिनिटं, म्हणजे वेळेच्या फक्त पाच टक्के, मास्क वर सरकवला, तर त्याचा पन्नासाचा गुणक चौदाच्या आसपास येऊन बसतो.

फटींचा घोळ याहून जुना आहे. एन-९५ मास्कचं कापड ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे निदान ९५ टक्के कण अडवतं. हा आकार मुद्दाम निवडलेला आहे, कारण अडवायला सर्वात अवघड तोच. मोठे कण जडत्वामुळे वळणावर वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आपटतात. त्याहून फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकतात आणि कुठे ना कुठे तंतूला चिकटतात. मधले तेवढे दोन्हींतून निसटतात. त्यांच्यासाठी तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मास्क साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारून ‘स्वच्छ’ केला की तो भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण गाळणं कमी होतं.

पण कापड कितीही उत्तम असलं तरी हवेला त्यातून जायला जोर लागतो आणि नाकाशेजारच्या फटीतून जायला लागत नाही. श्वास घेताना मास्कच्या आत दाब किंचित कमी होतो आणि हवा सोपी वाट धरते. दोन दिवसांची खुरटी दाढीसुद्धा एवढी फट पाडायला पुरते. म्हणून जिथे मास्क चेहऱ्याला टेकतो तिथे केस नकोत असा नियम असतो. त्यात शिस्तीचा किंवा धर्माचा काही संबंध नाही. ज्याला दाढी ठेवायचीच आहे त्याला वेगळं साधन द्यावं लागतं, त्याबद्दल पुढे.

फट आहे की नाही हे तपासायची सोय मोठी गमतीची आहे. माणसाला मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचं आणि आत सॅकरिनचा गोड फवारा मारायचा. मग त्याला मान डावी-उजवीकडे, वर-खाली करायला लावायची, मोठ्याने बोलायला लावायचं, कमरेत वाकायला लावायचं. जिभेला गोड लागलं की मास्क नापास. सॅकरिनऐवजी बिट्रेक्स नावाचं अतिकडू रसायनही वापरतात. कार्ट्रिजवाल्या मास्कसाठी पिकल्या केळ्यासारख्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट असतं. ही चाचणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. तरी आपल्याकडे बूट माप विचारून देतात आणि मास्क मात्र खोक्यातून काढून सगळ्यांना एकच, हे मला कधी समजलेलं नाही. अमेरिकेत अनेक वर्षं मास्क तपासण्यासाठी वापरलेले चेहऱ्यांचे नमुने १९६०च्या दशकातल्या तिथल्या हवाई दलाच्या मोजमापांवरून ठरवले होते. तो साचा लहान चणीच्या बाईच्या चेहऱ्यावर आपोआप बसेल, अशी अपेक्षा कशी करायची?

वायू आणि वाफांना कापड अडवत नाही, त्यासाठी कार्ट्रिज लागते. तिच्यात सक्रिय कार्बन असतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. वाफेचे रेणू या पृष्ठभागावर चिकटून बसतात. जागा भरली की पुढचे रेणू थेट नाकात. जागा किती उरली हे बाहेरून दिसत नाही. ‘वास यायला लागला की बदलू’ हा सर्रास चालणारा नियम धोक्याचा आहे, कारण काही वायूंचा वास घातक पातळीच्या आत येतच नाही, तर हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकालाच बधिर करून टाकतो. सडक्या अंड्यांचा वास ‘गेला’ म्हणून माणूस निर्धास्त होतो.

त्यात कोकणचा पावसाळा. रोहा, महाड, लोटे या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते आणि कार्बनच्या छिद्रांत पाण्याचे रेणू आधीच जागा अडवून बसतात. अशा हवेत सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज निम्म्याच वेळात संपते, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय शनिवारी अर्धवट वापरून लॉकरमध्ये ठेवलेल्या कार्ट्रिजमध्ये चिकटलेली वाफ रविवारभर हळूहळू आतल्या बाजूला सरकत राहते. सोमवारी पहिल्याच श्वासाला ती नाकाशी असू शकते. म्हणून कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची आणि ठरलेल्या तासांनंतर ती फेकायची, मग ती कितीही नवी दिसो.

कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही, हे सांगायची गरज पडू नये. तरीही ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या, टाकीत किंवा रिॲक्टरच्या मॅनहोलमधून आत मास्क लावून उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या येत राहतात. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाहेरून नळीने आणलेली किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधली हवाच लागते. वाचवायला मागून उतरणाऱ्यालाही.

हातमोज्यांची गोष्ट उलटी आहे. फट नाही, भोक नाही, तरी रसायन आत जातं. द्रवाचे रेणू रबरात विरघळतात, त्यातून सरकत पलीकडे निघतात आणि या वाटेत मोज्याला काहीही झालेलं दिसत नाही. १४ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं अतिविषारी संयुग हाताळत होत्या. विषारी धातू हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. काम धूर खेचणाऱ्या कपाटात चाललं होतं, हातात लॅटेक्सचे मोजे होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सगळं चोख. मोज्यावर थेंब-दोन थेंब सांडले. जवळजवळ पाच महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणं अडखळायला लागलं. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्या गेल्या. नंतर मोजे तपासले तेव्हा कळलं, ते द्रव पातळ लॅटेक्समधून पंधरा सेकंदांच्या आत पार होतं. आता या रसायनासाठी अनेक पदरी प्लास्टिकचे मोजे आणि त्यावर जाड मोजे अशी दुहेरी जोडी सांगितली जाते.

‘केमिकल ग्लोव्हज’ अशी एकच वस्तू का नसते, ते बघा. नायट्राइलचा पातळ मोजा तेलाला उत्तम, पण ॲसिटोन त्यातून मिनिटाभरात पार होतं. ॲसिटोनला ब्यूटाइल रबर हवं. नैसर्गिक रबराचं टोल्युइनपुढे काही चालत नाही. पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) मोजा टोल्युइनला दाद देत नाही, आणि पाण्यात मात्र विरघळतो! प्रत्येक जोडीला भेदनकाळ असतो, म्हणजे किती मिनिटांनी रसायन पलीकडे पोचतं तो वेळ. उत्पादकाच्या तक्त्यात तो छापलेला असतो. हा तक्ता खरेदी खात्याच्या फायलीत असतो आणि ड्रमपाशी नसतो. आणखी एक, ड्रिल किंवा लेथसारख्या फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालायचेच नाहीत. तिथे मोजा अडकतो आणि बोटासकट हात ओढून नेतो.

हेल्मेट आणि बुटांचं शास्त्र त्यामानाने सरळ आहे. सेफ्टी शूजमधली बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा घाव सोसते. वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडावं तेवढा. हेल्मेटचं खरं काम त्याच्या आतले पट्टे करतात. कवच आणि डोकं यांच्यामध्ये ते मोकळी जागा ठेवतात, घाव बसला की ताणतात आणि धक्का थोड्या जास्त वेळात पसरवतात. त्या मोकळ्या जागेत मोबाइल, रुमाल किंवा तंबाखूची पुडी ठेवली की हेल्मेट ही नुसती टोपी उरते.

माणूस हे सगळं काढून का ठेवतो? उत्तराला फार शोधावं लागत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रसायनरोधक सूट घालून यंत्रात पावडर भरणाऱ्याचा घाम सुकायला जागाच नसते आणि शरीराची थंड व्हायची मुख्य वाट तीच. मास्कमधून ओढून घेतलेला श्वास अपुरा वाटतो. गॉगलवर धुकं येतं. असं असताना ‘कामगारांना शिस्त नाही’ म्हणणं सोपं आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १११ मध्ये दिलेलं साधन मुद्दाम न वापरणाऱ्या कामगारावर ठपका होताच, आणि कुठलाही अपघात झाला की ते आधी आठवायचं. पण धोका हाताळण्याच्या जगभर मान्य असलेल्या उतरंडीत पीपीई सगळ्यात शेवटी येते. आधी धोकादायक पदार्थच काढून टाकता येतो का बघायचं, मग बदलता येतो का, मग यंत्राला झाकता येतं का. त्या अधिनियमाखालच्या कारखाना नियमांत आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल ठरवलेली होती, नायोशच्या शिफारशीपेक्षा सैल. कंप्रेसरला ध्वनिरोधक खोकं घालून १० डेसिबल उतरवले तर ते प्लग न घालणाऱ्याच्या कानालाही उतरतात, हेल्परच्याही आणि भेटीला आलेल्या साहेबाच्याही.

जिथे झाकून भागत नाही तिथे पंख्याचा मास्क हा चांगला मधला मार्ग आहे. कमरेला मोटार आणि फिल्टर असतो, तो गाळलेली हवा नळीने डोक्यावरच्या ढिल्या हूडमध्ये सोडत राहतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहत असल्यामुळे हवेचा ओघ फटीतून बाहेर जातो. दाढी चालते, चष्मा चालतो, तोंडावर वारा लागतो. ढिल्या हूडचा गुणक २५ धरतात, म्हणजे हाफ मास्कच्या अडीचपट. किंमत मात्र कितीतरी पट जास्त, आणि रात्रपाळीला बॅटरी कोणी चार्जिंगला लावायची हे आधी ठरलेलं असावं लागतं.